आमची संकरित मोटार

'हायब्रीड' हा शब्द आमच्या मराठवाड्यास नवा नाहीं. १९६४ सालीं सी. एस. एच. १ ही संकरित ज्वारी प्रथम प्रसारांत आली, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत त्या ज्वारीनें व तिच्या भावंडांनीं आमच्या बाजूच्या शिवारांचें रूप पालटून टाकलें. कणग्या भरल्या हें खरें. परंतु या ज्वारीच्या भाकरीस जुन्या दाण्याची गोडी नाहीं, असा निकाल घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांनीं तेव्हांच देऊन टाकला. तेव्हांपासून दिसावयास भरघोस पण चवीस फिकें असें जें जें कांहीं असेल, मग तो टोमॅटो असो कीं शहरांत वाढलेला नातू असो, त्यास 'हायब्रीड' म्हणण्याचा आमच्याकडे प्रघात पडला आहे.

म्हणून २०२५ च्या भाद्रपदांत आमच्या घरीं 'हायब्रीड मोटार घ्यावी' असा विषय प्रथम निघाला, तेव्हां आमच्या मातोश्रींनीं—त्यांचें वय आज चौऱ्यायशीं आहे—माळ थांबवून एवढेंच विचारलें, "भाकरी तर बेचव होती रे तिची, मोटार कशी निघायची?"

या प्रश्नाचें उत्तर देण्यास आम्हांस चार महिने लागले. त्या चार महिन्यांत जें पाहिलें, मोजलें व ज्याविषयीं घरांत भांडलों, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे. कारण एकत्र कुटुंबांत मोटार घेणें ही केवळ खरेदी नसते, हें आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस अनुभवानें ठाऊक असेल.

प्रथम गांवाविषयीं. मुरुड म्हटलें कीं सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें समुद्र उभा राहतो. कोणास जंजिऱ्याजवळचें मुरुड आठवतें, तर कोणास दापोलीकडील महर्षि कर्व्यांचें. आमचें मुरुड हें त्यांहून निराळें. समुद्र आमच्यापासून फार दूर. येथें पाणी म्हणजे विहिरीचें, टँकरचें किंवा आकाशांतून येईल तेवढें. लातूरहून बार्शीस जाणाऱ्या रस्त्यावर पंचवीसएक किलोमीटरवर हें बाजाराचें गांव आहे. शाळेच्या वरचें शिक्षण, मोठा दवाखाना, कचेरी, सोनें-नाणें, या सर्वांसाठीं आम्हांस लातूर गांठावें लागतें. आणि मुलगा नोकरीस लागला कीं पुढें पुणें, म्हणजे तीनशें किलोमीटरांवर अंतर.

आमच्या घरीं अकरा माणसें आहेत आणि मोटार एक. ती डिझेलची, २०१० सालीं नोंदविलेली. पंधरा वर्षांनीं खाजगी मोटारीची नोंदणी संपते व ती पुन्हां करून घ्यावयाची तर तपासणी आणि कर हे दोन्ही सोपस्कार मागें लागतात. गाडी धूर ओकत होती, सायलेन्सरला दोनदां जोड दिलेला होता, आणि मातोश्रींना तींत चढवितांना दोघां नातवांस हात लावावे लागत. तेव्हां ती बदलावयाची यावर सर्वांचें एकमत होतें. मतभेद सुरू झाला तो तिच्या जागीं काय आणावयाचें येथून.

नवरात्राच्या पहिल्या दिवशीं, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ रोजीं, मोटारींवरील वस्तु-सेवा कराचे नवे दर लागू झाले. चार मीटरांच्या आंतील व बाराशें घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल-गाड्यांवरील कर अठरा टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवर पूर्वींप्रमाणेंच पांच टक्के राहिला. संकरित गाडीस हाच न्याय लावण्यांत आला. परंतु त्या वेळीं बाजारांत चार मीटरांच्या आंतली खरी संकरित गाडी एकही नसल्यामुळें, ज्या होत्या त्या सर्व चाळीस टक्क्यांच्या वर्गांत बसल्या. पूर्वीं अठ्ठावीस टक्के कर आणि वर पंधरा टक्के अधिभार मिळून त्रेचाळीस होत असत. म्हणजे लाभ तीन टक्क्यांचा. जी गाडी देशाचें पेट्रोल वाचविते तिच्यावर मोठ्या चैनीच्या गाडीइतकाच कर बसावा, हें आमच्या बुद्धीस पटलें नाहीं. उत्तर प्रदेशानें २०२४ सालीं अशा गाड्यांचा नोंदणी-कर माफ करून निदान एक पाऊल पुढें टाकलें होतें.

त्याच आठवड्यांत आमच्याकडे आकाश फाटलें. मराठवाड्यांत सप्टेंबरच्या उत्तरार्धांत जी अतिवृष्टि झाली तींत कापणीस आलेलें सोयाबीन पाण्याखालीं गेलें, आमचेंही गेलें. दसऱ्याला मोटार आणण्याचा बेत होता तो कोणी न बोलतांच रहित झाला. विषय पुन्हां निघाला तो दिवाळी उलटल्यावर, आणि तोही निराळ्या सुरांत. पूर्वीं प्रश्न होता 'कोणती घ्यावी', आतां प्रश्न झाला 'पैसा परत कसा मिळेल'. खरें सांगावयाचें तर शेतांतल्या त्या पाण्यानेंच आम्हांस हिशेब करावयास लावलें.

आतां हें यंत्र काय आहे तें थोडक्यांत सांगतों. पेट्रोल आणि वीज या दोहोंवर एक गाडी चालविण्याची कल्पना आजची नव्हे. फर्डिनंड पोर्श या तरुण इंजिनियरानें १९०० च्या सुमारास तशी गाडी करून दाखविली होती. परंतु ती घरोघर परवडेल अशा रूपानें आली डिसेंबर १९९७ मध्यें, जपानांत, 'प्रियस' या नांवानें. आपल्याकडे ही जात फार दिवस श्रीमंतांपुरतीच होती. २०२२ सालीं होंडा सिटी, टोयोटा हायरायडर व मारुति ग्रँड व्हिटारा या गाड्या संकरित यंत्रासह आल्या, तेव्हां कोठें मध्यमवर्गीयानें दारांत जाऊन किंमत विचारावी अशी स्थिति झाली.

पेट्रोलचें इंजिन हें स्वभावतः उधळें आहे. मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगानें धांवतांना तें बरें काम करतें. परंतु उभें असतांना, गर्दींत रांगतांना आणि थांबून पुन्हां निघतांना तें पेट्रोल खातें फार व काम देतें थोडें. विजेचें यंत्र याच्या नेमकें उलट. विहिरीवरची मोटर कळ दाबतांच पूर्ण जोरानें पाणी खेंचूं लागते, तसें तें पहिल्या क्षणापासून चाकास पूर्ण जोर देतें. संकरित गाडींत ही दोन्ही यंत्रें असतात. सूर्याभोंवतीं ग्रह फिरावे तशीं कांहीं लहान दंतचक्रें एका मधल्या दंतचक्राभोंवतीं फिरतात, आणि त्या रचनेच्या द्वारें कोणत्या क्षणीं कोणी किती ओढावयाचें हें गाडीच ठरविते. चालविणाऱ्यास कांहीं करावें लागत नाहीं. तिला तारेनें घरच्या विजेशीं जोडावेंही लागत नाहीं.

वीज मग येते कोठून? कांहीं इंजिनच फावल्या वेळीं उत्पन्न करतें; आणि कांहीं, हीच यांतील खरी मौज, ब्रेक लावण्यांतून मिळते. साध्या गाडींत ब्रेक दाबला कीं धांवेचा सर्व जोर उष्णतेच्या रूपानें वाया जातो. संकरित गाडींत तेंच विजेचें यंत्र उलट काम करून त्या जोराची वीज करतें व बॅटरींत भरून ठेवतें. आमच्या बाजूस ही गोष्ट समजाविण्यास फार शब्द लागत नाहींत. अंघोळीचें पाणी तुळशीला आणि भांडीं विसळलेलें पाणी लिंबाच्या झाडाला, हा नियम आमच्या घरांत दोन पिढ्यांचा आहे. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातूरकरांसाठीं आगगाडीनें पिण्याचें पाणी आलें, तें आमच्या मुरुडच्या स्टेशनावरूनच गेलें. तीं टाक्यांची वाघिणें पाहावयास गेलेल्या मुलांस एक थेंब सांडण्याचा अर्थ काय हें सांगावें लागलें नाहीं.

शिवाय ती गाडी ज्या मार्गानें आली तो मार्ग म्हणजे जुनी बार्शी लाइट रेल्वे. रूळ आतां रुंद झाले. परंतु एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें १८९७ सालीं ती सुरू केली आणि १९११ सालीं ती लातुरास पोंचली तेव्हां ते अवघे अडीच फूट अंतराचे होते. प्रत्येक आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, तो सर्व डब्यांवर सारखा वांटावयाचा, म्हणजे हलक्या व स्वस्त रुळांवरून भरपूर माल नेतां येतो, ही त्याची युक्ति. आमच्या आजोबांनीं त्या गाडीस हळू म्हणून पुष्कळ नांवें ठेविलीं, पण महाग म्हणून कधीं ठेविलीं नाहींत.

बॅटरीविषयीं एक गैरसमज दूर करावयास हवा. तो असा कीं, संकरित गाडींत भली मोठी बॅटरी असते व ती बिघडली कीं घर विकावें लागतें. हायरायडर-ग्रँड व्हिटारा या वर्गांतल्या गाडीची बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासांची आहे. आपल्या घरच्या मीटरच्या भाषेंत बोलावयाचें तर पाऊण युनिट! निव्वळ विजेवर चालणाऱ्या गाडींत तीस ते पन्नास युनिटें सहज मावतात. ती विहीर, आणि हा स्वयंपाकघरांतला तांब्या. तांब्या लहान असतो, पण दिवसांत शंभर वेळां भरतो आणि रिता होतो. या बॅटरीस आठ वर्षें किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यांपैकी जें आधीं होईल तोंपर्यंतची हमी मिळते.

बाजारांत मात्र 'हायब्रीड' या नांवाखालीं दोन भिन्न वस्तु विकल्या जातात, हें आम्हांस एका दुकानांत ठेंच लागून कळलें. तेथील तरुण विक्रेत्यानें मोठ्या आदरानें चहा देऊन एक गाडी दाखविली व ती हायब्रीड असल्याचें तीनदां सांगितलें. किंमत इतर ठिकाणांपेक्षां बरीच कमी! आम्ही विसार देण्याच्या बेतांत होतों. सुदैवानें आमच्या थोरल्या सूनबाई बरोबर होत्या. त्या लातुरांतील एका शाळेंत विज्ञान शिकवितात. त्यांनीं शांतपणें म्हटलें, "इंजिन चालूं न होऊं देतां ही दहा पावलें पुढें घ्या बरें." गाडी जागची हललीं नाहीं. त्या गाडींतील विजेचें यंत्र केवळ इंजिनास हातभार लावणारें व थांबलेलें इंजिन पुन्हां सुरू करणारें होतें. स्वतःच्या बळावर चाकें फिरविण्याची त्याची शक्ति नव्हती. असल्या सौम्य संकरास कोणी वाईट म्हणत नाहीं, परंतु तो तांब्या नव्हे, पळी आहे. ज्या वाचकांस अशी खरेदी करावयाची असेल त्यांनीं ही दहा पावलांची परीक्षा अवश्य घ्यावी.

आतां हिशेब. कार्तिकांतील एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत बैठक बसली. आमचे थोरले बंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, हे आयुष्यभर सहकारी संस्थेंत हिशेबनीस होते. त्यांनीं प्रथमच एक अडचणीचें सत्य सांगून टाकलें: "निव्वळ पैसाच पाहावयाचा असेल तर अठरा टक्के करवाली छोटी पेट्रोल-गाडी घ्या आणि विषय संपवा." हें अगदीं खरें आहे. लहान, हलकी, थोडक्या पेट्रोलांत चालणारी मोटार सामान्य माणसास मिळावी हें स्वप्न इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनीं १९४९ पासूनच पाहिलें होतें. त्यांची 'मीरा' लीटरला वीसएक किलोमीटर जात असे. परवान्याअभावीं ती कारखान्यांतून बाहेर पडली नाहीं, याची हळहळ दादा अजून करितात. पण छोट्या गाडींत मातोश्रींचे गुडघे बसत नाहींत. त्यांस सीट उंच हवी. मागें घडीची चाकांची खुर्ची मावली पाहिजे. पुण्यास पांच माणसें व सामान एकदम जावें लागतें. म्हणून मध्यम आकाराचीच गाडी घेणें भाग होतें, आणि प्रश्न उरला तो एवढाच कीं, त्याच अंगलटीची साधी पेट्रोल-गाडी घ्यावी कीं संकरित. दोहोंच्या दरपत्रकांत, नोंदणी-विम्यासह, अंतर होतें दोन लक्ष ऐंशीं हजारांचें.

पुण्यांतील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या प्रमाणपत्रानुसार या वर्गांतली संकरित गाडी लीटरला २७.९७ किलोमीटर जाते. ही कसोटी प्रयोगशाळेंत, फिरत्या रुळांवर, ठराविक वेगांच्या चक्रांत होते. तींत मुरुडचे गतिरोधक नसतात, डांबर उखडलेलें नसतें, मे महिन्याचें ऊन व गार वाऱ्याचें यंत्र नसतें. शिवाय आतां पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल असतें, आणि इथेनॉलच्या लीटरांत पेट्रोलच्या मानानें एक-तृतीयांश शक्ति कमी. (हें इथेनॉल आमच्याच उंसाचें असण्याचा संभव असल्यामुळें त्याविषयीं तक्रार करतांना जीभ थोडी अडखळते.) म्हणून आम्हीं संकरित गाडीस बावीस व साध्या गाडीस पंधरा किलोमीटर धरले. पेट्रोल लीटरला १०५ रुपये.

आमची जुनी मोटार वर्षांत किती चालत होती? पुण्याच्या चार फेऱ्या, तुळजापूर व अंबाजोगाई, लग्नकार्यें, दवाखाना आणि बाजार मिळून साडेपांच हजार किलोमीटर. एवढ्या अंतरास साध्या गाडीस ३८,५०० रुपयांचें पेट्रोल लागेल, संकरितेस २६,२५०. वर्षाची बचत १२,२५० रुपये. दादांनीं चष्मा सांवरून दोन लक्ष ऐंशीं हजारांस त्यानें भागलें: तेवीस वर्षें! आणि गाडीची नोंदणीच मुळीं पंधरा वर्षांची. इतक्यावरही ते थांबले नाहींत. "आणि व्याज कोण धरणार? तेच पैसे सात टक्क्यांनीं ठेवले तर वर्षाला एकोणीस हजार सहाशें घरांत बसून मिळतात. तूं बारा हजार वाचवावयास निघालास!"

यावर आम्हांजवळ उत्तर नव्हतें. वही मिटावयाची वेळ आली होती. तेव्हां सूनबाई दाराशीं उभ्या होत्या त्या म्हणाल्या, "काका, मोटार वाड्यांत उभी ठेवून पेट्रोल वांचत नसतें. ती जितकी चालेल तितकी वांचवील. मग ती रोज चालवूं या कीं."

त्यांचें म्हणणें असें. त्या दररोज एस. टी. नें लातुरास जातात. स्त्रियांस २०२३ पासून अर्धें तिकीट असल्यानें खर्च थोडा. पण पहांटे पांचास उठून, स्टँडवर उभें राहून, लातुरांत पुन्हां रिक्षा करून शाळा गांठावयाची आणि संध्याकाळीं तोच क्रम उलट. हें त्यांनीं बारा वर्षें निमूटपणें केलें आहे व स्वतःसाठीं त्यांनीं अवाक्षर काढलें नसतें. परंतु त्यांची कन्या, आमची नात, यंदा अकरावीस गेली. 'लातूर पॅटर्न'च्या शिकवण्या तिन्हीसांजेपर्यंत चालतात, एस. टी. च्या वेळांशीं त्या जुळत नाहींत. म्हणून आषाढांतच तिला लातुरांत एका खोलींत, खाणावळीच्या डब्यावर ठेवावें लागलें होतें. खोली व डबा मिळून वर्षाला लाखाच्या वर जात. पोर सोळा वर्षांची. दिवाळीस आली तेव्हां ती निम्म्यानें उतरलेली दिसली, हें मातोश्रींनीं सर्वांस ऐकविलें होतें. मोटार रोज लातुरास गेली तर मायलेकी बरोबर जातील व बरोबर येतील.

माजघरांत कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. आमच्या घराची मोटार आजवर पुरुषांच्या हातांत राहिली. तिची किल्ली दादांच्या कोनाड्यांत असे, आणि ती मागावयाची तर कारण सांगावें लागे. दादांच्या मनांत काय आलें तें त्यांनीं एकाच वाक्यांत सांगितलें: "उंसाच्या दिवसांत त्या रस्त्यावर अंधारांत मोटार घालावयाची, तीही रोज?" यास हट्ट म्हणतां येणार नाहीं. गळिताच्या हंगामांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागें तांबडा दिवा तर सोडाच, साधी चकाकणारी पट्टीही नसलेले, रस्ता अडवून चालतात. त्यांवर मागून आदळून किती घरें बसलीं हें आमच्या बाजूच्या प्रत्येकास ठाऊक आहे. सूनबाईंनीं वाद घातला नाहीं. शिकवणीची सकाळची तुकडी मिळते का तें पाहतें, कार्तिक ते चैत्र दिवेलागणीपूर्वीं घरीं येईन, असें त्या म्हणाल्या.

मग दादांनीं स्वतःच वही पुन्हां उघडली. रोज पन्नास किलोमीटर, वर्षाचे अडीचशें दिवस, म्हणजे साडेबारा हजार. जुने साडेपांच मिळवून अठरा हजार. साध्या गाडीस पेट्रोल १,२६,००० रुपयांचें, संकरितेस सुमारें ८६,००० चें. बचत चाळीस हजार. व्याज न धरतां सात वर्षें; सात टक्के व्याज धरून दहा वर्षें. आठ वर्षांत गाडी चालेल एक लक्ष चव्वेचाळीस हजार, म्हणजे बॅटरीच्या हमीच्या आंतच. खोलीचा व डब्याचा लाख त्यांनीं या खात्यांत धरला नाहीं. "तें निराळें खातें," असें म्हणून वहीच्या दुसऱ्या पानावर लिहिला.

पुण्याच्या पुतण्यानें फोनवरून विजेच्या गाडीचा पुरस्कार केला. त्याचें म्हणणें चुकीचें नव्हतें. रोजच्या पन्नास किलोमीटरांस तिच्याइतकी स्वस्त दुसरी गाडी नाहीं. पण आमची मोटार एकच, आणि तिला रात्रीं-अपरात्रीं लातूरचा दवाखाना व एका दमांत पुणें हीं दोन्ही गांठावयाचीं. वाड्यांतल्या तारा आजोबांच्या काळच्या आणि गांवची वीज लहरी. दोन मोटारींचें घर असतें तर दुसरी विजेचीच घेतली असती.

मार्गशीर्षांत गाडी आली. ती कोणत्या कारखान्याची हें येथें सांगत नाहीं. जाहिरात करण्याचा हेतु नाहीं. वाड्याचा दरवाजा बैलगाडीच्या मापाचा. मातोश्रींच्या सांगण्यावरून आधींच दोरी धरून मापला होता, तरी दोन्ही बाजूंचे आरसे मिटल्याखेरीज ती आंत येईना. बॅटरी मागच्या बाजूस असल्यामुळें सामानाची जागा साध्या गाडीपेक्षां पुष्कळ कमी आहे. चाकांची खुर्ची आम्हीं दुकानांत नेऊन ठेवून पाहिली होती. ती आडवी मावते, पण मग वर एक पिशवी राहते, दोन नाहींत. पुण्यास जातांना लोणच्याची बरणी पायांशीं घ्यावी लागली.

दुसरा दोष असा कीं ती फार गुपचुप चालते. हलक्या वेगांत इंजिन बंद असतें, त्यामुळें गल्लींत माणसांस व जनावरांस ती आल्याचें कळत नाहीं. पहिल्याच आठवड्यांत शेजाऱ्यांची म्हैस अगदीं बॉनेटला पाठ घांसून उभी राहिली. भोंगा वाजवावा तर ती बुजणार. शेवटीं सूनबाईंनीं खालीं उतरून तिला बाजूस केलें. वृद्ध माणसांच्या बाबतींत हा मोठा धोका आहे, म्हणून गल्लींत कांच खालीं करून हांक देत जाण्याचा पाठ आम्हीं घालून घेतला आहे.

पेट्रोलची नोंद पहिल्या दिवसापासून ठेविली. लातूरच्या रोजच्या फेरींत लीटरला तेवीस ते चोवीस किलोमीटर मिळतात. पुण्याच्या सडकेवर शंभरच्या वेगानें गेलों तेव्हां वीस. तेथें ब्रेक लागत नाहीं म्हणून वीज मिळत नाहीं आणि वारा कापण्यांत पेट्रोल जातें. ज्यांचें जाणें-येणें बहुतेक अशा सडकेवरचेंच असेल त्यांनीं आमचे आंकडे आपल्यास लावूं नयेत. सर्वांत वाईट अनुभव गांवांतल्या गांवांत, सकाळच्या गारठ्यांत दोन किलोमीटर जाऊन परत येण्याचा: सतरा. इंजिन तापतें न तापतें तोंच घर येतें.

नात घरीं राहूं लागली आहे. सकाळच्या तुकडींत तिला जागा मिळाली. गाडींत बसल्याबरोबर ती झोंपते आणि हरंगुळ आलें कीं आई तिला उठविते.

किल्ली आतां कोनाड्यांत नसते. ती देवघराबाहेरच्या खुंटीस असते, आणि तिच्याशेजारीं दोरीनें बांधलेली वही. जो गाडी नेईल त्यानें किलोमीटर व पेट्रोल लिहावयाचें. दादा महिनाभर त्या वहीकडे फिरकले नव्हते. माघांत त्यांस बार्शीस भगवंताच्या दर्शनास जावयाचें होतें. त्या दिवशीं सूनबाईंस सुट्टी होती, त्यांनीं नेलें. येडशीचा घाट उतरतांना दादा समोरच्या पडद्यावर बॅटरीच्या रेघा एकेक करून भरतांना पाहत होते. त्या रात्रीं वहींत त्यांच्या हिशेबनीसी अक्षरांत एक ओळ आढळली: "येडशी घाट, उतार. पेट्रोल शून्य." तिच्या खालीं दुसऱ्या दिवशीं पेन्सिलीनें सूनबाईंनीं लिहिलें आहे: "परतीचा चढ. लीटरला अकरा."